काच बदलली, कॅमेरा कोण जुळवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालकाला मदत करणारी कॅमेरा आणि रडारची यंत्रणा, जिला सगळे ‘एडास’ म्हणतात, ती आता महागड्या परदेशी गाड्यांपुरती राहिलेली नाही. २०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७००, २०२२ मध्ये होंडा सिटी हायब्रिड, २०२३ मध्ये ह्युंदाई व्हर्ना, किया सेल्टॉस, टाटा हॅरिअर, होंडा एलिव्हेट अशा गाड्यांतून ती घरोघरी पोहोचली. त्याबरोबर डॅशबोर्डवरचे नवे संदेशही आले: ‘कॅमेरा झाकला गेला आहे’, ‘कॅमेऱ्याचे तापमान जास्त आहे’, ‘रडारला अडथळा’, ‘यंत्रणा तपासून घ्या’. हे संदेश दिसले की गाडीमालक एक तर घाबरून कॅमेराच बदलायला निघतात, नाही तर कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाऊन तो ‘पुसून’ घेतात. दोन्हींत नुकसान आहे. काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने, हे सविस्तर लिहीत आहोत. शेवटी विमा कंपन्या आणि काच बसवणाऱ्यांकडे आमची एक मागणीही आहे.

सर्वांत आधी संदेशाचा फोटो काढावा. गाडी थांबवून, किंवा शेजारी बसलेल्याने. तो काही सेकंदांत नाहीसा होतो आणि मग गॅरेजात ‘काहीतरी कॅमेऱ्याचं आलं होतं’ एवढेच सांगता येते. त्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. शब्द नेमके कोणते होते, दिवा पिवळा होता की लाल, सोबत एबीएस किंवा गाडी घसरत असल्याचे चिन्ह लागले होते का, बाहेर ऊन होते की पाऊस, गाडी किती वेळ चालू होती, एवढे लिहून ठेवले तर निम्मे काम तिथेच होते. ‘झाकला’, ‘तापला’, ‘स्वच्छ करा’ असे शब्द असतील तर यंत्रणा धड आहे, तिला फक्त दिसत नाही. ‘तपासून घ्या’ किंवा ‘सर्व्हिस’ असा शब्द असेल तर आत कुठे तरी बिघाडाची नोंद झाली आहे. या दोन्हींचा उपाय वेगळा आहे. केवळ पिवळा संदेश आला तर साधा ब्रेक आणि स्टिअरिंग नेहमीसारखेच काम करतात, फक्त मदत बंद असते. क्रूझ कंट्रोल (वेग आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर आपोआप राखणारी सोय) सोडून नेहमीसारखी गाडी चालवावी. लाल ब्रेकचा दिवा लागला तर मात्र गाडी बाजूला घेऊन थांबवावी.

अजून एक गोष्ट लोक बिघाड समजतात, ती म्हणजे मार्गिकेचे चिन्ह राखाडी होणे. मार्गिकेत ठेवणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या पुढेच जागी होते आणि तिला रस्त्यावरचे पट्टे दिसावे लागतात. मुंबई-गोवा महामार्गावरच्या वळणवाटांवर, किंवा उजळ काँक्रीटवर पुसट झालेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर ती गप्प बसते. ते तिचे बरोबर वागणे आहे. त्यासाठी गॅरेज नको, रस्त्यावर रंग हवा.

आता काच. कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे असतो आणि पुढच्या काचेवरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात त्याच्यासाठी एक छोटी स्वच्छ खिडकी सोडलेली असते. बाहेर उभे राहून ती खिडकी आधी शोधावी. ‘झाकला’ म्हणणाऱ्या बहुतांश गाड्यांचे उत्तर त्या तळहाताएवढ्या जागेत असते. वायपरचे रबर कडक झाले की ते पाणी निपटत नाही, कमानीसारखी फेसाळ रेघ ओढते, आणि ती रेघ नेमकी या खिडकीवरून जाते. पावसाळ्याआधी रबर बदलावे. मधल्या काळात आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबराची धार पुसावी. वायपरच्या पाण्यात शांपूची पुडी टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे. तिचा पातळ थर वाळून काचेवर राहतो आणि समोरून दिवे आले की कॅमेऱ्याला सगळे धूसर दिसते. टाकीत साधे स्वच्छ पाणी किंवा काचेसाठी मिळणारे द्रावण घालावे.

बोअरच्या पाण्याने गाडी धुतली जाते तिथे क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडके भिजवावे, सावलीत तीन-चार मिनिटे त्या जागेवर धरावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. रंगावर ओघळू देऊ नये. एवढ्याने जात नसतील तर बाहेरून काच घासून पॉलिश करणारे भेटतात. बाकी काचेवर ठीक, पण कॅमेऱ्याच्या खिडकीपुरते त्यांना हात लावू देऊ नये. काच घासली की तिची जाडी किंचित खालीवर होते, त्यातून दिसणारी सरळ रेषा वाकते, आणि कॅमेरा तर रेषांवरच चालतो. पाणी झटकणारे काचेचे कोटिंगही या खिडकीवर लावू नये. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहितात.

आतल्या बाजूने नवीन गाडीत वेगळा त्रास असतो. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उन्हात बाष्प निघते आणि काचेवर तेलकट धुके साचते. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारले की ते वाढते. शिवाय त्या चकाकीचे प्रतिबिंब काचेत पडते आणि कॅमेऱ्याला समोरचा रस्ता आणि प्रतिबिंब एकमेकांत मिसळलेले दिसतात. डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल, चांदीच्या रंगाची मूर्ती, टोलची पावती असे काहीही उजळ ठेवले की हेच घडते. गणपती हवाच असेल तर गडद रंगाचा, लहान आणि चालकापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवावा. आतली काच पुसताना द्रावण फडक्यावर घ्यावे, काचेवर फवारू नये. कॅमेऱ्याच्या आवरणाच्या फटीतून ते आत गेले तर भिंगावर डाग राहतो. ते आवरण घरी उघडू नये. त्याच्या आतली काच खरोखर धुरकट झाली असेल तर सर्व्हिस सेंटरमध्येच पुसून घ्यावी, कारण आवरण काढताना कॅमेरा हलला तर पुढचे सगळे काम वाढते.

पावसाळ्यात काच धूसर होते तेव्हा धुके आतून आहे की बाहेरून हे आधी बोट फिरवून पाहावे. दोन्हींचे उपाय उलट आहेत. ओले कपडे घालून चौघे गाडीत बसले की बाष्प आत धरते. तेव्हा एसी चालू, पुढच्या काचेवर झोत, आणि हवा बाहेरून घ्यायची. आतलीच हवा फिरवत ठेवली तर धुके जात नाही. कॅमेऱ्याच्या आवरणामागची हवा हलत नसल्याने ती खिडकी उरलेल्या काचेनंतर काही मिनिटांनी मोकळी होते. तोवर संदेश राहील, थोडा धीर धरावा. कोकणात आणि मुंबईत जूनच्या दमट हवेत याच्या उलट होते: एसीचा गार झोत काचेवर सोडला की काच गार पडते आणि बाहेरून दव धरते. तेव्हा झोत काचेवरून काढावा, एसीचे तापमान दोन-तीन अंश वाढवावे आणि वायपर एकदा फिरवावा.

फास्टॅगबद्दल नीट सांगायला हवे, कारण ही चूक एकदा झाली की ती सहज दुरुस्त होत नाही. टॅग पुढच्या काचेला आतून चिकटवलेलाच असला पाहिजे. नुसता हातात धरून दाखवणाऱ्यांचे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे आदेश राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये काढले. पण चिकटवणारा माणूस घाईत असतो आणि ‘आरशाच्या मागे मधोमध’ ही त्याची ठरलेली जागा. एडासच्या गाडीत तिथेच कॅमेरा बघत असतो. टॅग एकदा काढला की आतला तार फाटतो, तो टॅग निकामी होतो आणि नवा घ्यावा लागतो. म्हणून चिकटवण्याआधी मालकाने स्वतः बाहेरून खिडकी दाखवावी आणि टॅग तिच्या बाजूला, आरशाच्या डाव्या अंगाला, काळ्या ठिपक्यांच्या खाली लावून घ्यावा. डॅशकॅमचेही तसेच. तो आणि त्याची तार कॅमेऱ्याच्या समोरून जाता कामा नये. तार कॅमेऱ्याच्या आवरणात खोचून लपवण्याची पद्धत तर सर्वांत वाईट, कारण त्या रेटण्याने कॅमेरा आपल्या बैठकीत सरकू शकतो. काचेवरच्या फिल्मबाबत नियम पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा असा आहे. फिल्म नियमात बसणारी असली तरी कॅमेऱ्याच्या खिडकीवर ती नको. बसवणाऱ्याला तेवढा भाग कापून ठेवायला सांगावे.

उन्हाचा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना जास्त जवळचा. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद गाडीत काचेच्या वरच्या कडेला उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. कॅमेरा स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि तापमानाचा संदेश देतो. हा बिघाड नाही. सगळ्या काचा उतरवून दोन मिनिटे गरम हवा जाऊ द्यावी, मग एसीचा झोत पुढच्या काचेवर घ्यावा. बहुधा पाच-दहा मिनिटांत यंत्रणा आपोआप परत येते. गार पाणी काचेवर ओतू नये. तापलेली काच त्याने तडकू शकते. काचेच्या आतून लावायचा चंदेरी पडदा पुष्कळ जण वापरतात. तो कॅमेऱ्याच्या आवरणावरून गेला तर काच आणि पडदा यांच्यात उष्णता कोंडते आणि कॅमेरा उलट जास्त तापतो. पडद्याला आवरणाच्या आकाराची खाच पाडावी, किंवा बाहेरून टाकायचे झाकण वापरावे.

समोरून येणाऱ्या सूर्याचा उल्लेख ओघाने येतो. समृद्धी महामार्गावर दुपारनंतर मुंबईकडे निघालेल्या गाडीला मावळतीचा सूर्य बराच वेळ समोर असतो. तेव्हा कॅमेरा काही वेळ हार मानतो, आणि बोगद्यातून एकदम उन्हात बाहेर पडल्यावरही. दिशा बदलली की तो परत येतो. त्याच महामार्गावर आणखी एक चकवा आहे: रस्ता मोकळा असेल, समोर गाडी नाही, बाजूला इमारत नाही, तर रडारला काहीच परत येताना दिसत नाही आणि काही गाड्या ‘रडारला अडथळा’ असे दाखवतात. पुढे वाहने लागली की संदेश जातो. जात नसेल तर मात्र उतरून बंपर बघावा.

रडार बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या भागात, एका सपाट काळ्या पट्टीमागे असते. होंडा सिटी, एलिव्हेट अशा काही गाड्या पुढचे सगळे काम एकट्या कॅमेऱ्यावर चालवतात. तिथे कॅमेरा झाकला की क्रूझही जाते. रडार असलेल्या गाडीत चिखल, कीटकांचा थर, नंबरप्लेटची रुंद धातूची चौकट आणि दसऱ्याचा झेंडूचा हार हे सगळे अडथळे ठरतात. खंडेनवमीला हार घालावा, पूजा करावी, आणि रस्त्यावर निघण्याआधी जाळीवरचा हार काढून बोनेटवर किंवा आत ठेवावा. लिंबू-मिरची बंपरच्या कोपऱ्याला बांधावी, मध्ये नको. याहून गंभीर गोष्ट बंपरच्या दुरुस्तीची. ठोकर लागलेला बंपर लांबी (पुट्टी) भरून, दोन-तीन थर रंग देऊन चकाचक केला जातो. रडारसमोरच्या भागात अशी लांबी भरली तर लहरी त्यातून नीट जात नाहीत. त्या पट्ट्यात लांबी चालत नाही. तो भाग किंवा पूर्ण बंपर बदलावा लागतो, आणि रडार धरून ठेवणारी पट्टी (ब्रॅकेट) वाकली आहे का हेही पाहावे लागते.

आता ज्यात खरा गोंधळ होतो ते विजेचे. कॅमेऱ्याला चाकांच्या गतीची, स्टिअरिंगच्या कोनाची, ब्रेकच्या खटक्याची माहिती दुसऱ्या यंत्रणांकडून सतत मिळावी लागते. त्यातली एक माहिती चुकीची आली तरी कॅमेरा काम थांबवतो आणि दोष पडद्यावर कॅमेऱ्याच्या नावाने दिसतो. म्हणून एकाच वेळी चार-पाच दिवे लागले असतील तर कॅमेऱ्याला शेवटी हात लावावा. आधी बॅटरी. गाडी काही तास बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. स्टार्ट मारताना ती ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसावे, नव्या गाड्यांतला अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारे जनित्र) इंधन वाचवायला मधूनमधून चार्जिंग कमी करतो, म्हणून एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये, दिवे आणि एसी लावून पुन्हा पाहावे. हायब्रिड आणि विजेच्या गाडीतही ही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच आणि तिथेही ती ढिली पडली की हेच संदेश येतात.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला वारंवार स्टार्ट होणे सोसणारी, ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. स्वस्त पडते म्हणून साधी बसवली की प्रत्येक वेळी इंजिन उठताना व्होल्टेज खाली जाते आणि कॅमेरा तक्रार करतो. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह टोक काढावे. बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. त्या टोकावर अनेकदा एक छोटा सेन्सर असतो, तो पिळू नये. बॅटरी जोडल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि सरळ रस्त्यावर थोडे अंतर जावे. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर तेवढ्याने आपले मध्यस्थान परत शोधतो. तरीही दिवा राहिला तर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने ते करावे लागते.

त्यानंतर ब्रेक दाबून कोणाला तरी मागचे तिन्ही दिवे पाहायला सांगावे. पेडलचा खटका खराब असेल तर क्रूझ लागतच नाही. मग चाकांच्या मागे वाकून तारा पाहाव्यात. पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरतात आणि चाकाच्या सेन्सरची किंवा बंपरमधल्या रडारची तार कुरतडतात. व्हील बेअरिंग नुकतीच बदलली असेल आणि तेव्हापासून दिवे लागले असतील तर बेअरिंग उलटी बसली आहे का ते तपासावे: तिच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टा असतो आणि तो सेन्सरकडेच यावा लागतो. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच, पण उलटी बसली की सेन्सरला चाक थांबलेलेच वाटते. हे न बघता हजारोंचा कॅमेरा बदलला गेला, तर बिघाड तसाच राहतो आणि नवा कॅमेरा जुळवण्याचे काम वर येऊन पडते.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इथे बहुधा उपयोगाचा नाही. तो इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. कॅमेरा, ब्रेक आणि स्टिअरिंगचे कोड ‘सी’ आणि ‘बी’ने, आणि यंत्रणांमधला संपर्क तुटल्याचे ‘यू’ने सुरू होतात, ते वाचायला कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो. पुसण्याआधी कोडची छापील प्रत घ्यावी. बॅटरीची तार काढून दिवा घालवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. नोंद जाते, कारण तिथेच राहते, आणि कॅमेरा वाकडा असेल तर तो वाकडाच राहतो.

आमच्या मते सर्वांत धोक्याचा मुद्दा हाच आहे. दिसत नाही असे सांगणारा कॅमेरा निदान बंद तरी होतो. चुकीच्या दिशेने बघणारा कॅमेरा मात्र कोणताही संदेश न देता काम करत राहू शकतो. कॅमेरा आडव्या दिशेने फक्त एक अंश फिरला तर १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते. आपल्या महामार्गाची मार्गिका ३.५ मीटरची असते. म्हणजे अर्धी मार्गिका चुकली. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, आणि तेवढ्यात या कॅमेऱ्याला शेजारच्या मार्गिकेतला ट्रक आपल्यापुढे वाटू शकतो, किंवा आपल्यापुढचा ट्रक शेजारी वाटू शकतो. पहिल्या वेळी गाडी विनाकारण ब्रेक मारते आणि मागचा येऊन आदळतो; दुसऱ्या वेळी ती ब्रेक मारतच नाही.

ही नजर सर्वांत जास्त वेळा बिघडते ती पुढची काच बदलल्यावर. कॅमेऱ्याची बैठक काचेलाच चिकटवलेली असते. नवी काच आली की बैठक नवी, काचेची वक्रता थोडी वेगळी, डिंकाचा थर थोडा जाड-पातळ. तोच कॅमेरा पुन्हा अडकवला तरी तो पूर्वीच्या जागी नसतो. म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवणे, करावेच लागते. एडासच्या गाडीसाठी काचेचा भाग-क्रमांकही वेगळा असतो. साधी काच ‘बसते’ म्हणून बसवली तर खिडकीच्या जागी ठिपके येतात किंवा चित्र लहरते. आणि खडी उडून पडलेली खपली कॅमेऱ्याच्या खिडकीत असेल तर ती राळ भरून दुरुस्त करू नये, काच बदलावी.

कॅलिब्रेशन दोन प्रकारचे. काही गाड्यांना उभ्या जागी लागते: सपाट जमीन, एकसारखा उजेड, आणि गाडीच्या मध्यरेषेवर मोजून ठेवलेला नक्षीचा फलक. काहींना सरळ, ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून लागते, काहींना दोन्ही. उभ्या कॅलिब्रेशनआधी चारही टायरांत दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे हवा, डिकी रिकामी, अलाइनमेंट बरोबर आणि बॅटरीला चार्जर जोडलेला असायला हवा. काच चिकटवणारा डिंकही पुरता वाळलेला. डिकीत सामान ठेवून कॅलिब्रेशन केले तर गाडीचे नाक वर असते आणि ती चूक कॅमेरा खरी मानून बसतो. याच कारणाने कोकणातून डिकीभर आंब्याच्या पेट्या भरून निघालेल्या गाडीत वाटेत कॅमेऱ्याचे वागणे बदललेले दिसते. तेव्हा टायरमध्ये भाराप्रमाणे हवा भरावी आणि क्रूझवर विसंबू नये. स्प्रिंग बदलून गाडी उचलणे, वेगळ्या मापाचे टायर घालणे, मागच्या चाकांची अलाइनमेंट बदलणे, पुढची धडक, यांनंतरही कॅलिब्रेशन तपासावे.

झाले की नाही ते कसे ओळखावे? खोके उभे करून किंवा माणसासमोर गाडी नेऊन पाहू नये, हे स्पष्ट सांगतो. सरळ, मोकळ्या, ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंचे पट्टे पडद्यावर साधारण एकाच वेळी उजळतात का पाहावे. गाडी मधोमध असताना एकाच बाजूचा इशारा लवकर येत असेल, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एकाच बाजूला ढकलत असेल, क्रूझ शेजारच्या मार्गिकेतल्या वाहनाला पाहून वेग कमी करत असेल, तर कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावे. दिवा लागलेला नसला तरीही.

मग मागणी. आपल्याकडच्या सर्वसमावेशक मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, त्यामुळे काच बदलण्याचे दावे लोक सहज करतात आणि ते मंजूरही होतात. पण अंदाजपत्रकात काच, डिंक, मजुरी एवढेच लिहिले जाते आणि कॅलिब्रेशनची ओळच नसते. सर्व्हेअर विचारत नाही, काचवाला सांगत नाही, मालकाला माहीत नसते. विमा कंपन्यांनी एडास असलेल्या गाडीच्या काचेच्या, बंपरच्या आणि पुढच्या धडकेच्या दाव्यात कॅलिब्रेशन हा दुरुस्तीचाच भाग मानून त्याची स्वतंत्र ओळ अंदाजपत्रकात घ्यावी, आणि आधीचा व नंतरचा स्कॅन अहवाल जोडल्याशिवाय दावा बंद करू नये. ज्या काचेच्या दुकानाकडे फलक आणि स्कॅनर नाही त्याने बिलावर ‘कॅलिब्रेशन केलेले नाही, अमुक ठिकाणी करून घ्यावे’ असे छापील लिहून द्यावे. अहवालावर तारीख, किलोमीटरची नोंद, गाडीचा चॅसिस क्रमांक आणि वापरलेल्या यंत्राचे नाव असावे. गाडी विकताना तो कागद पुढच्या मालकाला मिळावा. टोल नाक्यांवर आणि बँकांच्या वतीने टॅग चिकटवणाऱ्यांना कॅमेऱ्याची खिडकी ओळखायला शिकवण्यास दहा मिनिटे पुरतील, तेही व्हावे.

तोवर वाचकांनी काच बदलायला गाडी देताना कामाच्या कागदावर ‘कॅमेरा कॅलिब्रेशन’ हे दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत आणि अहवाल हातात आल्याशिवाय क्रूझ लावू नये.

आपले नम्र,
मोटार विद्युत दुरुस्तीच्या क्षेत्रात काम करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे